शौक, अमानत आणि एक हिरवी मस्टँग

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या एका मध्यमवर्गीय गृहस्थाच्या नावे 14 डिसेंबर 1977 रोजी एक पत्र टाइप झाले. पत्र लिहिणारा होता स्टीव्ह मॅक्वीन, त्या काळी जगात सर्वांत जास्त मानधन घेणाऱ्या नटांपैकी एक. ज्याला पत्र गेले तो विमा व्यवसायात नोकरी करणारा, बायको-मुलांत रमणारा साधा माणूस. मजकूर जेमतेम चार-पाच ओळींचा. मॅक्वीनने पुन्हा एकदा विनंती केली होती की माझी 1968 ची मस्टँग गाडी मला परत द्या. ती मला घरातच ठेवायची आहे. चित्रपटात होती तशीच ठेवायची आहे, नवी करायची नाही. बदल्यात तुम्हाला तशीच दुसरी मस्टँग शोधून देण्याचा प्रयत्न करीन, मात्र त्यात फार पैसा जाणार नसेल तर. तसे नसेल, तर हा विषय इथेच सोडून दिलेला बरा.

त्या गृहस्थाने गाडी दिली नाही.

एकीकडे गाड्यांचा वेडा शौकीन, ज्याच्या एका फोनवर मोठमोठे निर्माते धावत यायचे. दुसरीकडे महिन्याच्या पगारात घर चालवणारे कुटुंब. मध्ये एक हिरवी गाडी. तिच्या शोधाची ही हकिगत जवळजवळ पन्नास वर्षांची आहे. मोटारींची आवड असणाऱ्यांना ती ठाऊक असेल. पण ती फक्त गाडीची नाही, घराचीही आहे, म्हणून आपल्या वाचकांसमोर ठेवावीशी वाटली.

तीनचाकीपासून सुरुवात

मॅक्वीनचा जन्म 24 मार्च 1930 चा, इंडियाना राज्यातल्या बीच ग्रोव्ह या गावचा. तो तान्हा असतानाच बाप घर सोडून निघून गेला. आईलाही संसार पेलला नाही. मूल वाढले मिसुरी राज्यातल्या स्लेटर गावी, आईच्या काकांच्या शेतावर. या काकांनी चौथ्या वाढदिवसाला त्याला एक लाल तीनचाकी सायकल दिली. आपल्याला शर्यतीचे वेड लागले ते त्या सायकलीपासून, असे मॅक्वीन पुढे सांगत असे.

नंतर आईने त्याला परत बोलावून घेतले. पण सावत्र वडिलांशी पटेना. मुलगा रस्त्यावर भटकू लागला, बिघडू लागला. अखेर त्याला कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या 'बॉइज रिपब्लिक' या सुधारगृहात ठेवले. तिथे तो वळणावर आला. मोठा नट झाल्यावरही तो त्या संस्थेला विसरला नाही. तिथल्या मुलांना भेटायला जात राहिला, मदत करत राहिला.

शाळेत मुलांना शिकवताना एक गोष्ट वारंवार दिसते. ज्या मुलाला घरात आधार मिळत नाही, ते मूल एखाद्या वस्तूला घट्ट धरून बसते. कुणी क्रिकेटची बॅट, कुणी मोबाइल, कुणी गाड्यांची चित्रे. मॅक्वीनच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे चाके होती. हातात पैसा आल्यावर त्याने मोटारसायकली आणि स्पोर्ट्स कार जमवायला सुरुवात केली. आणि तो नुसता जमवणारा नव्हता, चालवणाराही होता. 1970 मध्ये फ्लोरिडातल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत, मोटारसायकलच्या अपघाताने डाव्या पायाला प्लास्टर असताना, पीटर रेव्हसन या साथीदाराबरोबर पोर्शे गाडीने तो दुसरा आला होता.

चित्रपट आणि ती गाडी

फोर्ड कंपनीने मस्टँग बाजारात आणली ती 17 एप्रिल 1964 रोजी. किंमत 2,368 डॉलरपासून पुढे. म्हणजे नोकरदार तरुणाच्या आवाक्यातली, पण दिसायला ऐटबाज. पहिल्या वर्षभरातच चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. फेरारी किंवा पोर्शेसारखी ती अस्सल स्पोर्ट्स कार नव्हे. अमेरिकेत तिच्यामुळे 'पोनी कार' असा वेगळा वर्गच तयार झाला. पण सामान्य माणसाच्या स्वप्नातली स्पोर्ट्स कार कोणती असे विचारले, तर त्या काळच्या अमेरिकेत बहुतेकांच्या तोंडी मस्टँगचेच नाव आले असते.

ऑक्टोबर 1968 मध्ये पीटर येट्स यांनी दिग्दर्शित केलेला 'बुलिट' हा चित्रपट आला. त्यात मॅक्वीन सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस अधिकारी आहे आणि गडद हिरव्या रंगाची मस्टँग जीटी 390 ही त्याची गाडी. इंजिन आठ सिलिंडरचे, सुमारे 6.4 लिटरचे, ताकद 325 अश्वशक्ती, गिअर चार. चित्रीकरणासाठी मॅक्स बालचोव्स्की या मेकॅनिकने तिचे सस्पेन्शन मजबूत केले. जाळीवरचे घोड्याचे चिन्ह काढून टाकले. गाडी शोरूममधून आल्यासारखी नको, रोज वापरातली वाटावी, अशी सारी योजना होती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उताराच्या रस्त्यांवर ही मस्टँग आणि काळी डॉज चार्जर यांचा पाठलाग चालतो, सुमारे अकरा मिनिटे. पार्श्वसंगीत नाही, फक्त इंजिनांची घरघर आणि टायरांचा आवाज. फ्रँक केलर यांना या चित्रपटाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळाले.

हा पाठलाग पाहून ॲक्सिलरेटर दाबावासा वाटणाऱ्या आपल्या मुलांना पडद्यामागची बाजूही सांगायला हवी. अकरा मिनिटांच्या दृश्यासाठी चित्रीकरण तीन आठवडे चालले. रस्ते बंद ठेवलेले होते. डॉज चालवत होता बिल हिकमन हा मुरलेला स्टंट चालक. मॅक्वीन स्वतः चांगला चालक होता, पण एका वळणावर त्याचा अंदाज चुकला आणि गाडी पुढे निघून गेली. ते दृश्य चित्रपटात तसेच ठेवले आहे. अवघड उड्यांच्या वेळी मस्टँगचे स्टिअरिंग बड एकिन्स या जाणकाराच्या हाती होते. जाणकार प्रेक्षक गाडीतल्या आरशावरून ओळखतात. आरशात चेहरा दिसत असेल तर मॅक्वीन, दिसत नसेल तर एकिन्स. एवढा नावाजलेला शौकीनही जिथे जोखीम होती तिथे दुसऱ्याच्या हाती गाडी देऊन बाजूला झाला. आपली पोरे मात्र हायवेवर हेल्मेटशिवाय बुलेट पळवतात आणि मागे बसलेला मित्र मोबाइलवर त्याचे रील काढतो. फरक कुठे आहे ते सांगायला नको.

दोन सख्ख्या बहिणी

चित्रीकरणासाठी दोन सारख्या मस्टँग घेतल्या होत्या. एक उड्यांसाठी, दुसरी नटाच्या जवळच्या दृश्यांसाठी. चित्रपट संपला आणि दोघींचे नशीब वेगळे झाले.

उड्या मारणारी गाडी पार खिळखिळी झाली होती. ती भंगारात गेली. पुढे कित्येक वर्षे तिचा पत्ता नव्हता. 2017 मध्ये बातमी आली की मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया भागात भंगार गाड्यांच्या आवारात ती सापडली. ज्याने ती घेतली तो तिला कापून-जोडून दुसऱ्याच एका चित्रपटातल्या मस्टँगची नक्कल बनवणार होता. चासी नंबर तपासला तेव्हा कळले की हे भंगार काय आहे.

दुसरी गाडी चित्रपट कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने विकत घेतली. त्याच्याकडून ती 1970 मध्ये पूर्वेकडे न्यू जर्सीतल्या एका पोलीस अधिकाऱ्याकडे गेली. त्याने 1974 मध्ये 'रोड अँड ट्रॅक' या मासिकात जाहिरात दिली. ती वाचून आपल्या या गृहस्थाने अवघ्या काही हजार डॉलरमध्ये गाडी घेतली. चित्रपटात वापरलेली गाडी म्हणजे तेव्हा जुनी गाडीच. तिच्या नावाने कोटींची बोली लागेल असे त्या वेळी कुणी म्हटले असते तर लोक हसले असते.

मॅक्वीन मात्र ती विसरला नव्हता. गेलेली गाडी परत मिळवण्याचा त्याला एक अनुभवही होता. त्याच्याकडे पूर्वी जॅग्वार एक्सकेएसएस ही अस्सल स्पोर्ट्स कार होती. ही गाडी मुळातच दुर्मिळ. कंपनीने पंचवीस बांधायचे ठरवले होते, पण फेब्रुवारी 1957 मध्ये इंग्लंडमधल्या कारखान्याला आग लागली आणि सोळाच पुऱ्या झाल्या. मॅक्वीनने आपली जॅग्वार 1969 मध्ये नेवाडातल्या एका संग्रहालयाला विकली. मग हळहळला. पुढे काही वर्षांनी ती परत विकत घेतली आणि मरेपर्यंत सोडली नाही. आज ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे.

जॅग्वार परत आली. मस्टँग आली नाही. कारण जॅग्वार संग्रहालयात उभी होती आणि मस्टँग एका घरात नांदत होती.

बाईंची शाळेची गाडी

न्यू जर्सीच्या त्या घरात मस्टँगचे काय चालले होते? ती रोज कामाला जात होती. घरातली गृहिणी शाळेत शिक्षिका होती. ती याच गाडीने शाळेत जायची. ज्या गाडीसाठी जगप्रसिद्ध नट पत्रे लिहीत होता, तिच्या मागच्या सीटवर तपासायच्या वह्यांचे गठ्ठे असत असतील, असे माझ्यातल्या शिक्षकाला आपले वाटते.

1980 मध्ये क्लच गेला. गाडीने तोवर सुमारे 65,000 मैल, म्हणजे लाखभर किलोमीटर कापले होते. दुरुस्ती पुढे ढकलली गेली, जशी कुठल्याही संसारात ढकलली जाते. गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला मॅक्वीन वारला. वय पन्नास, आजार कर्करोगाचा. आपली हिरवी मस्टँग त्याला पुन्हा मिळाली नाही.

नोकरीमुळे कुटुंबाची गावे बदलली. प्रत्येक बदलीत बंद पडलेली गाडी सामानाबरोबर गेली. शेवटी ती टेनेसी राज्यात पोचली. बाहेर शौकीन लोक तिचा शोध घेत होते, तर्क लढवत होते. कुणी म्हणे ती नष्ट झाली, कुणी म्हणे अमक्याने लपवली. घरातल्यांनी वाच्यता केली नाही. विकायची नाही आणि मिरवायचीही नाही, असा जणू त्या घराचा रिवाज झाला.

मुलाला कळायला लागले तेव्हा गाडी बंदच होती. 2001 मध्ये फोर्डने त्या चित्रपटाच्या नावाने मस्टँगची खास आवृत्ती काढली. तेव्हा बाप-लेकाने ठरवले, आपली खरी गाडी आपण चालू करायची. दोघांनी ती खोलायला घेतली. पण बापाला पार्किन्सनने गाठले. हात थरथरणाऱ्या माणसाला पाना कसा धरवणार? काम थांबले. सुटे भाग तसेच पडून राहिले. 2014 मध्ये बापाचे निधन झाले.

यानंतर मुलाने काम पुन्हा हाती घेतले. इथे त्याचा एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्याने गाडी चालू केली, पण नवी केली नाही. उडालेला रंग तसाच ठेवला. गंजाचे डाग ठेवले. चित्रीकरणात कॅमेरा बसवण्यासाठी खाली वेल्डिंग केलेल्या पट्ट्याही जागच्या जागी राहू दिल्या. तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा गाडी अस्सल असल्याची साक्ष याच खुणांनी दिली. आणि मॅक्वीनने पत्रात हेच तर मागितले होते. गाडी होती तशीच राहावी आणि घरात राहावी. दोन्ही गोष्टी झाल्या. फक्त घर दुसऱ्याचे होते.

पडदा उघडला

14 जानेवारी 2018 रोजी डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात फोर्डने नवी बुलिट मस्टँग सादर केली आणि तिच्या सोबतीला मंचावर ही जुनी गाडी आली. त्या समारंभात मॅक्वीनची नातही होती. अडतीस वर्षे गॅरेजमध्ये राहिलेली गाडी एका दिवसात जगभर पोचली. अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचे नाव गेले. एप्रिल 2018 मध्ये वॉशिंग्टनमधल्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवून ती लोकांना दाखवण्यात आली.

मग 10 जानेवारी 2020. फ्लोरिडातल्या किसिमी इथे लिलाव झाला. बोली थांबली 34 लाख डॉलरवर. लिलाव कंपनीचे शुल्क धरून रक्कम झाली 37 लाख 40 हजार डॉलर, तेव्हाच्या दराने सव्वीस कोटी रुपयांहून अधिक. लिलावात एवढी किंमत तोवर कुठल्याही मस्टँगला मिळाली नव्हती.

कुणी म्हणेल, शेवटी विकलीच ना? विकली. पण 1977 मध्ये विकणे आणि 2020 मध्ये विकणे यांत फरक आहे. तेव्हा ती घरातली रोजची गाडी होती, आईची शाळेची सोबत होती. मुलासाठी ती बापाबरोबर अर्धवट राहिलेले काम होती. ते काम मुलाने पुरे केले, गाडी जगाला दाखवली, तिची नोंद करून ठेवली आणि मग ती दुसऱ्याच्या हाती दिली. अमानत सांभाळणे म्हणजे वस्तू कायम कुलपात ठेवणे असे नाही. योग्य वेळी, योग्य रीतीने ती सोपवणे हाही तिचाच भाग आहे. ज्या घराने सेहेचाळीस वर्षे लोभाला दाद दिली नाही, त्या घराला हिशेब विचारण्याचा हक्क आपल्याला नाही.

आपल्या घरात गाडीचा विषय निघतो तेव्हा

आपल्या घराघरांत आज हा विषय आहे. दहावी-अकरावीतल्या मुलांच्या वह्यांवर गाड्यांची चित्रे असतात. आखातात नोकरीला गेलेला मामा किंवा चुलतभाऊ तिथल्या रस्त्यावरच्या मस्टँगपुढे उभा राहून फोटो पाठवतो आणि इथे पुतण्याची झोप उडते. "अब्बा, एक दिवस मी पण घेणार," असे मुलगा म्हणाला की बहुतेक घरांत दोनच उत्तरे मिळतात. एक, "आधी अभ्यास कर." दुसरे, "आपली ऐपत आहे का?" दोन्ही खरी आहेत, पण दोन्हींनी बोलणे तिथेच संपते.

बोलणे पुढे नेता येते. गाडीची आवड असलेल्या मुलाला विचारा, क्लच नेमके काय काम करतो? अश्वशक्ती म्हणजे काय? आठ सिलिंडरचे इंजिन पेट्रोल जास्त का पिते? ज्या मुलाला विज्ञानाच्या तासाला झोप येते तोच इथे सरसावून बसेल. आवड असलेल्या मुलाला आयटीआयची मोटार मेकॅनिकची वाट दिसू शकते, डिप्लोमाची दिसू शकते. घरामागे अब्बांची किंवा दादांची जुनी स्कूटर ताडपत्रीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक रविवार बाप-लेकाने ती खोलून पाहावी. चालू होईल न होईल. पण पाना-पक्कड हातात असताना बाप-लेक जे बोलतात ते जेवणाच्या दस्तरखानावर बोलत नाहीत.

आणि हिशेबही मुलासमोर मांडावा, लपवू नये. गाडीची किंमत ही पहिली पायरी. त्यावर नोंदणी, रस्ता कर, विमा, पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग. हप्त्यावर घेतली तर मूळ किमतीवर आणखी किती जाते, तेही कागदावर लिहून दाखवावे. मुले समजूतदार असतात. आकडे समोर आले की ती स्वतःच विचार करू लागतात.

मॅक्वीनच्या पत्रातली एक अट इथे आठवते. फार पैसा लागणार असेल तर सोडून देऊ, असे त्याने स्पष्ट लिहिले होते. पैशाची त्याला वाण नव्हती. तरी त्याने आपल्या शौकाला एक हद्द घातली आणि ती पाळली. समोरच्या कुटुंबाने पैशापुढे आपली हद्द पाळली. म्हणून या हकिगतीत कुणी हरलेले दिसत नाही.

तरीही मन एका ठिकाणी अडते. मॅक्वीनला गाडी घरात ठेवायची होती. बाप सोडून गेलेला, काकांच्या शेतावर वाढलेला तो मुलगा आयुष्यभर चाकांवर पळत राहिला आणि शेवटी एका गाडीसाठी 'घर' हा शब्द वापरून गेला. ज्या मुलाच्या वाट्याला ती गाडी आली, त्याच्याकडे पाना हातात देणारा बाप होता आणि तीच गाडी चालवत शाळेत शिकवायला जाणारी आई होती. लिलावात बोली गाडीवर लागली. तिच्या आधीची ही दौलत कुठल्याच बोलीत धरलेली नव्हती, आणि ती आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी आजही आहे.